दारापेक्षा रुंद

मित्रांनो, मी एक जुना जाळीचा पिंजरा आहे. काही वस्तू वापरून जुन्या होतात, काही नुसत्या उभ्या राहून. मी दुसऱ्या प्रकारचा. पिंजरा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पोपटाचा टांगता पिंजरा आला असेल, तर तो आधी पुसून टाका. माझ्यात एखादा मोठा माणूस खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसू शकेल, इतका मी ऐसपैस आहे. सगळ्या बाजूंनी जाळी असल्यामुळे मला सगळे दिसते. आत काय आले आणि बाहेर काय गेले, यावर नजर ठेवण्यात आयुष्य गेले, म्हणून स्वभाव जरा हिशेबी झाला आहे. बोलणे कुठे टोचले तर सांभाळून घ्या.

मला ज्यांनी घडवले, त्यांना सगळे जाळीवाले म्हणत. घरोघरी जाऊन खिडक्यांना डासांच्या जाळ्या बसवायच्या, हा त्यांचा धंदा. अॅल्युमिनियमच्या पट्टीची चौकट करायची, तिच्यावर जाळी ताणायची आणि काठाच्या खाचेत रबराची दोरी छोट्या चाकाने दाबत न्यायची. जाळी बसली की ते नखाने टिचकी मारत. ढोलकीसारखा आवाज आला तरच काम पसंत. स्वतःच्या घरात त्यांनी खिडक्याच काय, स्वयंपाकघरातली पाणी जायची मोरीसुद्धा सोडली नव्हती.

"माझ्या जाळीतून डास जाऊन दाखवावा," असे ते येईल त्याला ऐकवत. यावर त्यांची बायको, म्हणजे घरातली आई, आतून म्हणे, "वारा तरी कुठे जातो?"

या घरात त्यांची एकुलती एक लेक होती आणि लेकीचा एक इग्वाना होता. घोरपडीच्या दूरच्या नात्यातला असावा असा हा हिरवा, काटेरी पाठीचा प्राणी. गळ्याखाली कातडीची झालर, चेहऱ्यावर कायम नापसंती. दिवसभर हलायचे नाही, आणि समोर कोणी बोलायला आले की दोन वेळा मान डोलवायची. काम मात्र काही करायचे नाही. म्हणून लेकीने त्याचे नाव साहेब ठेवले होते. तो आला तेव्हा तळहाताएवढा होता. मग वाढत वाढत त्याची शेपटी काचेच्या पेटीतून बाहेर लोंबू लागली.

त्याच सुमारास लेकीला दुसऱ्या शहरातून बोलावणे आले. चष्म्याची भिंगे घासण्याचे काम ती शिकली होती, आणि एका कारखान्यात तिला जागा मिळत होती. ती साहेबाला बरोबर नेणार होती. जाळीवाले तिला 'जाऊ नकोस' असे म्हणाले नाहीत. तसे म्हटले असते तर भांडण झाले असते, आणि भांडण एक ना एक दिवस मिटते. ते एवढेच म्हणाले, "त्याला आधी नीट घर तर करून देऊ. मी करतो. खास."

लेकीचा चेहरा असा उजळला, की आईनेही तेव्हा काही विचारले नाही.

मित्रांनो, आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. माझ्यासाठी पहिले माप घेतले ते साहेबाचे नव्हते, की मी जिथे उभा राहणार त्या कोपऱ्याचेही नव्हते. जाळीवाल्यांनी पहिली फीत लावली ती खोलीच्या दाराला.

आई चहाचा कप घेऊन उभी होती. "पिंजरा कोपऱ्यात ठेवायचाय ना? मग दार कशाला मोजताय?"

"असंच. सवय आहे हाताला."

मग त्यांनी मला खोलीच्या आतच उभे केले. माझी सर्वांत अरुंद बाजूसुद्धा त्या दारापेक्षा वीतभर रुंद ठेवली. स्क्रू मारले असते तर मी कधी तरी उलगडता आलो असतो. त्यांनी सगळ्या सांध्यांना रिव्हेट ठोकले. एक माझे दार तेवढे स्क्रूने बिजागरीवर बसवले, आणि त्याला बाहेरून कडी.

साहेबाच्या नखांनी फाटू नये म्हणून आतून लोखंडी तारेची जाळी आली. त्यावर बाहेरून, खास त्यांची म्हणून, बारीक डासांची जाळी. छतालासुद्धा दोन्ही. छताच्या वर दिवा टांगला. इग्वानाला उन्हासारखा उजेड लागतो, म्हणून तसला खास दिवा लेकीने मागवला होता.

"बाबा, वरची तरी एकच जाळी ठेवा ना," ती म्हणाली. "दोन-दोन जाळ्यांतून उजेड चाळला जाईल."

"अगं, जाळ्या मारण्यात डोकं पांढरं झालं माझं. उजेड काय पीठ आहे चाळला जायला?"

या घराची एक रीत होती: जाळीवाल्यांना कोणतीही गोष्ट एकदाच सांगायची. दुसऱ्यांदा सांगितले की ते हत्यारे आपटत, जेवणाचे ताट सरकवत, आणि घरातली हवा बिघडे. म्हणून सगळेच एकदा बोलून सोडून देत.

माझे कौतुक मात्र भरपूर झाले. शेजारपाजारचे बघायला आले. समोरचा शिंपी आत वाकून म्हणाला, "जाळीवाले, भाड्याने देणार का? बायकोशी वाजलं की येऊन राहीन." त्याची बायको मागेच उभी होती. ती म्हणाली, "कडी बाहेरून आहे ना? मग चालेल." सगळे हसले. साहेबही नव्या फांदीवर चढून मान डोलवत होता. मला वाटले, आपल्यासारखा भाग्यवान पिंजरा जगात नाही.

हसणे ओसरल्यावर लेक माझ्याभोवती एक फेरी मारून आली. मग तिने खोलीच्या दाराकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले.

"बाबा, हा इथून बाहेर कसा काढायचा?"

जाळीवाले हत्यारे आवरत होते. "काढायचा कशाला?"

चार-सहा दिवसांनी तिने कारखान्याला कळवून टाकले, की सध्या जमणार नाही. जुनी पेटी साहेबाला पुरत नव्हती, आणि हे घर तिला उचलून नेता येत नव्हते. त्या संध्याकाळी जाळीवाले गुणगुणत घरी आले. जमेच्या बाजूला लेक आली होती. खर्चाच्या बाजूला काय पडले, हे बघायला त्यांना सवड नव्हती.

साहेब हळूहळू मंदावला. आधीच तो आळशी, त्यामुळे कुणाच्या लक्षात लवकर आले नाही. माझ्या मात्र आले, कारण त्याची नखे माझ्या तारांत कशी रुततात ते मला ठाऊक होते. ती पकड सैल पडत चालली होती. मग त्याच्या पायाची बोटे उगाच थरथरू लागली. मागचे पाय जाडसर दिसू लागले आणि वाकले. जबडा सुजला. लेक भोपळ्याचा मऊ कीस त्याच्या तोंडाशी धरी. तो मान वळवी. एका दुपारी तो फांदीवरून सुटला आणि माझ्या तळावर नुसता पडला. तो आवाज मी विसरू शकत नाही. जुने फडके टाकावे तसा.

लेकीने जनावरांच्या डॉक्टरीण बाईंना घरीच बोलावले. बाई तरुण, कामापुरते बोलणाऱ्या. त्यांनी साहेबाचा जबडा बोटांनी चाचपला, पाय पाहिले, आणि मग बराच वेळ माझ्या छताकडे पाहत राहिल्या.

"जाळी कुणी बसवली?"

"मी," जाळीवाले पुढे झाले. "माझ्या जाळीतून डास जाऊन दाखवावा."

"नाहीच जात काका. झकास काम आहे." बाईंनी पिशवीतून हातात मावेल एवढे एक यंत्र काढले. "हे उजेड मोजतं. सगळा नाही; हाडांना जो लागतो तेवढाच. तुम्हीच धरा."

जाळीवाल्यांनी ते दिव्याखाली, छताच्या वर धरले. आकडा वर चढला. मग बाईंच्या सांगण्यावरून त्यांनी हात माझ्या आत घातला आणि यंत्र जाळीखाली, साहेबाच्या फांदीजवळ धरले. आकडा पार खाली आला. त्यांनी पुन्हा वर धरले, पुन्हा आत. जन्मभर मापावर जगलेला माणूस. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"पोटात गेलेलं कॅल्शियम हाडांत मुरायला हा उजेड लागतो," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तो नाही मिळाला की हाडं मेणासारखी होतात."

"मी म्हटलं होतं," लेक म्हणाली. "एकदा."

"एकदा म्हणून भागतं का या घरात!" आई म्हणाली, आणि मग तिलाच ते ऐकवेना. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

जाळीवाल्यांनी हत्यार शोधले नाही. स्टुलावर चढून त्यांनी माझ्या छताची रबराची दोरी बोटांनीच उपसली आणि बारीक जाळी टराटरा फाडून काढली. अंगठा कापला, तरी थांबले नाहीत. मला दुखले, पण त्या दिवशी प्रथमच माझ्यात खरा उजेड पडला. फांदीवर, तळावर, सगळीकडे.

उशीर झाला होता. बाईंनी औषध दिले, आणि रोज कोवळ्या उन्हात न्यायला सांगितले. लेक साहेबाला मांडीवर घेऊन अंगणात बसू लागली. जाळीवाले तिच्याशेजारी जाऊन उभे राहत, बसत नसत. खिडकीतून मला ते दिसे. एका सकाळी साहेबाने उन्हाकडे तोंड केले, गळ्याची झालर पसरली आणि दोन वेळा मान डोलवली. तिसऱ्यांदा खाली गेलेली मान वर आली नाही.

लेक त्यानंतर गेली. कारखान्यातली ती जागा भरली होती, म्हणून त्याच शहरात एका चष्म्याच्या दुकानात मिळेल ते काम तिने धरले. निघताना बाबांना वाकून नमस्कार केला, माझ्याकडे वळली नाही. जाळीवाले 'जाऊ नकोस' असे याही वेळी म्हणाले नाहीत; पण या वेळी त्यांनी फीतही काढली नाही.

मग माझी अडगळ झाली. आधी एक मोडका पंखा आत आला, मग जुने पडदे, रिकामे डबे, पाय तुटलेले स्टूल. तारांवर धुळीचा थर बसला. कोपऱ्यात कोळ्याने जाळे विणले, तेही माझ्यापेक्षा विरळ. आई म्हणे, "कापून टाका ना हे एकदाचं." जाळीवाले करवत घेऊन येत, माझ्यासमोर उभे राहत आणि करवत जागेवर ठेवायला परत जात. साहेबाची फांदी त्यांनी कुणाला काढू दिली नाही.

परवा लेकीचा फोन आला. ती आईशीच बोलते. आईने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. मुद्दाम ठेवते ती.

"डास फोडून काढतात गं इथे, आई."

जाळीवाल्यांचा हात आपोआप खिशातल्या फितीकडे गेला. मग तिथेच थांबला. "तिला विचार जरा..."

"तुम्हीच विचारा. फोन चावत नाही."

त्यांनी फोन हातात घेतला. घसा खाकरला. "खिडकीत ऊन येतं का गं?"

"येतं. सकाळचं."

"मग जाळी... कशी करू? तू सांग."

या घरात हा प्रश्न मी प्रथमच ऐकला. आई हातातले काम सोडून बघत राहिली.

"विरळ चालेल," लेक म्हणाली. "आणि उघडता येईल अशी, बाबा. बिजागरीवर."

"बरं. कडी?"

"आतून."

"आतून," ते म्हणाले. "बरं."

काल त्यांनी माझे दार काढले. तेवढेच तर स्क्रूवर होते. बारीक जाळी उतरवली, चौकट तिने सांगितलेल्या मापाला कापली, कडी उलट्या बाजूला फिरवली. विरळ जाळी ताणल्यावर टिचकी मात्र मारली नाही. मग ते कागदात गुंडाळून काखेत घेतले आणि खोलीच्या दारातून सहज बाहेर नेले. माझ्यातला तेवढाच तुकडा त्या दारातून मावला. ती ते खिडकीला लावेल की कुणाला देऊन टाकेल, मला कळणार नाही.

मित्रांनो, माझ्याकडे आता दार नाही, त्यामुळे सगळी धूळ आत येते. तुमच्या घरी एखादी जाळी असेल, तर अधूनमधून ओल्या फडक्याने पुसत जा. धूळसुद्धा उजेड अडवते. आणि कधी कुणासाठी, अगदी जिवापाड प्रेमाने, घर बांधायला निघालात, तर फीत काढण्यापूर्वी त्याला एकदा विचारा. त्याने सांगितले नाही, तर पुन्हा विचारा.

साहेबाची फांदी अजून माझ्यात आहे. फाडलेल्या छतातून दुपारी तिच्यावर छान उजेड पडतो.