मागून न्या

फाल्गुन लागला की विमलाबाई पगाऱ्यांच्या कंपाउंडपाशी नवा माणूस थांबल्याशिवाय पुढे जात नसे. अंबडच्या कारखान्यांमागच्या त्या कॉलनीत बाकी सगळ्या भिंती सिमेंटच्या आणि डोक्यावर काचा लावलेल्या. विमलाबाईंची भिंत तेवढी दिसायचीच नाही. डाव्या बाजूने पेट्रियाच्या वेलीचे जांभळट निळे घोस लोंबत. मध्ये माधवीलता, पांढरी, पाकळ्यांच्या कडा कातरल्यासारख्या, वासाने गल्ली भरून टाकणारी. उजव्या कोपऱ्यात धायटीचं झुडूप, लाल फुलांनी नखशिखांत पेटलेलं.

बाई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी बावीस वर्षं फक्त वसंतात फुलणारी झाडं जमवली. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "पावसात काय, उकिरडासुद्धा हिरवा होतो. पाणी आटल्यावर जे फुलतं ते मला बघायचंय." देवळ्याकडच्या त्यांच्या गावात या दिवसांत नुसती धूळ आणि कांदा असायचा. आई दिवसभर कांदा काढायला जायची. अंगणात फूल म्हणून काही नव्हतं. ती भूक असेल कदाचित.

पेट्रिया त्यांनी देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्याच्या फाटकावरून आणली होती. तिथल्या माळ्याने तीन वेळा हाकललं, चौथ्या वेळी वैतागून कात्रीच हातात दिली. आठ फांद्या वाळल्या, नववीला पान फुटलं. धायटी पेठ तालुक्यातून आली. सोमा नावाचे एक पालक, मुलाचा दाखला न्यायला आले तेव्हा ओल्या गोणपाटात मुळं गुंडाळून घेऊन आले होते. म्हणाले, "बाई, हे आमच्या डोंगरात लय हाय. तुमच्याकडं नाय दिसलं." वेलींना लागणारा लोखंडी मांडव विमलाबाईंच्या नवऱ्याने, झुंबररावांनी, केला. ते अंबडला टर्नर होते. माणूस अबोल, पण मांडवाचा एक जोडही कधी हलला नाही.

भिंतीबाहेरची फुलं लोक तोडून नेत, हे विमलाबाईंना ठाऊक होतं. पहाटे फिरायला निघालेल्यांच्या हातात आकडी आणि खिशात प्लास्टिकची पिशवी असायची. त्यांत समोरच्या गोदाताई सगळ्यांत नेमाच्या. रोज सव्वापाचला यायच्या आणि देवपूजेपुरती फुलं ओरबाडून घेऊन जायच्या. याच गोदाताई सोळा वर्षांत पगाऱ्यांच्या घरी पाणी प्यायल्या नव्हत्या. आधी उपासाचं निमित्त असायचं, मग मधुमेहाचं. विमलाबाईंनी दोन्हींकडे कानाडोळा केला होता.

मग त्या चैत्रातली सकाळ आली. बाई पाणी घालायला बाहेर आल्या तर मांडवाची मधली बाजू उघडी पडलेली. माधवीलतेचं अंगठ्याएवढं जाड खोड कोयत्याने तोडलेलं होतं. पेट्रियाच्या लांब फांद्याही गेल्या होत्या. जमिनीवर चुरगळलेली फुलं आणि चपलांचे ठसे.

दुपारी सून तेजल मोबाईल घेऊन आली. लग्न होऊन तिला आठच महिने झाले होते.

"आई, हे आपलंच आहे ना?"

कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो होता. कॉलनी मंडळाच्या हॉलमध्ये चैत्रगौर बसवलेली. झोपाळ्याच्या दोन्ही दोऱ्यांना निळे घोस, मागे पांढऱ्या फुलांचा अख्खा पडदा. खाली कुणीतरी लिहिलं होतं : गोदाताईंच्या कल्पकतेला सलाम. त्याखाली चाळीसेक जोडलेले हात, अंगठे आणि फुलं.

"आपल्याला बोलावलं नव्हतं?" तेजलने विचारलं.

"गल्लीत दोन घरं सोडतात. एक कुलूप लावलेलं, एक आपलं."

"आणि तुम्ही काहीच बोलत नाही?"

"त्यांच्या हळदीकुंकवाला मला जायचंच नाही. मी बुद्धाला मानते. ते त्यांचं, त्यांना लखलाभ." विमलाबाईंनी मोबाईल हातात घेतला. "पण हे माझं आहे."

त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं : ही फुलं माझ्या घरची आहेत. न विचारता तोडली. खोडही तोडलं. विमल पगारे.

मग मंडळाच्या सेक्रेटरींनी लिहिलं : ताई, देवाच्या कामाला गेली, आनंद माना. लगेच दुसऱ्या कुणीतरी : फुलांना कुठे जात असते!

विमलाबाईंनी उत्तर दिलं : फुलांना नसते. म्हणून तर ती आत गेली.

मग त्यांनी मोबाईल तेजलच्या हातात परत दिला.

झुंबरराव म्हणाले, "वरून जाळी मारतो. नाहीतर कॅमेरा लावू."

"कॅमेरा चोर पकडायला लावतात. मला चोर पकडायचा नाही."

"मग काय करायचंय?"

"खुर्ची काढा."

दुसऱ्या दिवशी पाचला विमलाबाई फाटकाबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. मांडीवर कात्री, पायाशी टोपली. भिंतीवर खडूने, शाळेतल्या फळ्यावर लिहावं तशा अक्षरात लिहिलं होतं : फुलं हवी असतील तर मागून न्या. मी तोडून देईन.

पहिले आले ते एक निवृत्त बँकवाले. आकडी बघता बघता पाठीमागे गेली. "नमस्कार," म्हणाले आणि भराभर निघून गेले. दोन बायका लांबूनच वळल्या. सव्वापाचला गोदाताई आल्या. त्यांना वळता येईना, कारण त्यांचं घर समोरच होतं.

"काय विमलाबाई, एवढ्या पहाटे?"

"तुमचीच वाट बघत होते. किती देऊ?"

गोदाताईंनी पिशवीची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "मी माझी तोडून घेते हो. तुम्हाला कशाला त्रास."

"त्रास नाही. मी लावली, मी वाढवली, मीच तोडते. तुम्ही हात पुढे करा."

हात पुढे आला नाही.

"देवाची फुलं असतात," गोदाताई हळूच म्हणाल्या. "सोवळ्याचं असतं जरा."

"चोरून नेलेलं सोवळ्यात बसतं आणि दिलेलं बसत नाही?"

गोदाताईंचा चेहरा लाल झाला. त्या घरात गेल्या आणि दार आपटलं. सात वाजेपर्यंत विमलाबाई तिथेच बसल्या. टोपली रिकामी राहिली.

तेरा दिवस त्या रोज बसल्या. तेजलला आधी लाज वाटायची. ऑफिसला जाताना ती मान खाली घालून गाडी काढायची. पाचव्या दिवशी ती चहा घेऊन आली आणि पायरीवर बसली. नवव्या दिवशी सेक्रेटरी आले. म्हणाले, वेली रस्त्यावर आल्या आहेत, अतिक्रमण होतं, तक्रार गेली तर अवघड होईल.

"जरूर करा तक्रार," विमलाबाई म्हणाल्या. "साहेब बघायला आले की मी त्यांना हॉलमधला फोटोही दाखवीन. तेव्हा अतिक्रमण कुणी कुणावर केलं तेही मोजू."

तक्रार गेली नाही. त्या वसंतात भिंतीवरची फुलं वेलीवरच सुकली आणि गळून रस्त्यावर पसरली. विमलाबाई रोज ती झाडून काढायच्या. फूल वाया जातं म्हणून त्यांना वाईट वाटायचं, पण खुर्ची त्यांनी हलवली नाही. बहर सरल्यावर तुटलेल्या खोडाला शेणमाती लावली, जुनं लाकूड छाटलं, शेणखत घातलं. पावसाळ्यानंतर माधवीलतेने बुडापासून चार नवे फुटवे काढले. पुढच्या माघात मांडव पुन्हा भरला.

आणि पुढच्या चैत्रात सेक्रेटरी पुन्हा फाटकाशी उभे राहिले. या वेळी हात जोडून.

"विमलाताई, यंदा आरास साधीच होतेय. तुम्ही फुलं दिलीत तर बोर्डावर मोठ्या अक्षरात आभार लिहू."

"बोर्ड नको. ज्यांना फुलं हवीत त्यांनी यावं. फाटकापर्यंत नाही, घरात. खुर्चीवर बसावं, पाणी प्यावं आणि माझ्या हातून घेऊन जावं."

"मंडळात विचारतो."

"विचारा."

मंडळातून कुणी आलं नाही. हॉलमध्ये यंदा कापडी फुलं लावल्याचं कळलं.

हळदीकुंकवाच्या दिवशी अकरा वाजता, भर उन्हात, समोरचं दार उघडलं. गोदाताईंची सून ललिता बाहेर आली. हातात पिशवी नव्हती, ताट होतं. गल्लीतल्या गॅलऱ्यांत बायका उभ्या होत्या. ललिताने रस्ता ओलांडला आणि सरळ पगाऱ्यांच्या घरात आली.

"काकू, पाणी द्या," ती म्हणाली. तिचा आवाज नीट येत नव्हता. "गेल्या वर्षी तो कोयता आमच्याच घरातून गेला होता. मी बघत होते. बोलले नाही."

विमलाबाईंनी तांब्याभांडं पुढे ठेवलं. ललिता खुर्चीवर बसून सावकाश सगळं पाणी प्यायली. मग विमलाबाई शिडीवर चढल्या, तेजलने शिडी धरली, आणि बाईंनी पेट्रियाचे घोस एकेक करून तिच्या ताटात ठेवले.

"सासूबाई काय म्हणतील?" तेजलने विचारलं.

"म्हणू देत. रोज काहीतरी म्हणतातच."

ताट न झाकता ललिता गल्लीतून चालत हॉलमध्ये गेली. अर्ध्या तासाने ग्रुपवर फोटो आला. कापडी फुलांच्या मधोमध खरा निळा घोस. खाली लिहिलं होतं : फुलं विमल पगारे यांच्या हातची. कुणीतरी ती पोस्ट काढून टाकली. ललिताने पुन्हा टाकली. पुन्हा काढली, पुन्हा टाकली. चौथ्या वेळी ती तशीच राहिली.

संध्याकाळी आणखी तीन बायका आल्या. एक बाहेरच घुटमळली आणि परत गेली. दोघी आत येऊन पाणी प्यायल्या. बँकवाले काकाही आले, आकडी न घेता. गोदाताई आल्या नाहीत. आजही त्या विमलाबाईंशी बोलत नाहीत.

वैशाखात विमलाबाईंनी पेट्रियाची एक लवचीक फांदी वाकवून कुंडीतल्या मातीत दाबली आणि वर वीट ठेवली. पावसाळा सरताना तिने मुळं धरली. मूळ वेलीपासून तोडून त्यांनी ते रोप ललिताच्या हातात दिलं.

"कुठे लावशील?"

"दारातच. आमच्या भिंतीला."

झुंबरराव पहार घेऊन गेले आणि समोरच्या भिंतीलगत हातभर खोल खड्डा खणून आले. खिडकीतून गोदाताई बघत होत्या. ललिताने माती दाबली, पाणी घातलं आणि वेलीला चढायला काठी रोवली.