उदबत्तीने पकडलेला रंग

पैज लागली अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या एका बंद गल्लीत, मेलबॉक्सपाशी, आणि लावली अर्थातच श्रीरंगने. पन्नाशी उलटली तरी या माणसाच्या खोड्या जात नव्हत्या.

त्याने घर बाहेरून रंगवायला काढलं होतं. भिंतींसाठी वसाहतीच्या असोसिएशनला चालणारा राखाडी-हिरवा निवडला, तिथवर ठीक. पण दाराच्या चौकटींना त्याला ऑइल पेंटच हवा होता, नागपूरच्या घरासारखा, तोंड दिसेल असा चकाचक. पेंटरने पाण्यात मिसळणारा, कमी वाफांचा रंग सुचवला. श्रीरंगने त्याला हसण्यावारी नेलं.

शेजारच्या सुलभाताईंनी विचारलं, बायकोच्या दम्याचं काय? नीलांबरीला साधा परफ्यूमसुद्धा सोसत नव्हता. श्रीरंग म्हणाला, "रंग बाहेर, बायको आत, मधे डबल काच. वास आत आला तर धोतर नेसून गल्लीभर लंगडी घालतो. नाही आला तर तुम्ही घालायची." गुडघ्याला पट्टा बांधलेल्या सुलभाताईंनी खुशाल टाळी दिली.

शनिवारी पेंटर मागच्या सरकत्या दाराच्या चौकटीला भिडला. श्रीरंगने दारं-खिडक्या घट्ट लावल्या, एसी बंद केला. दुपारी सुलभाताई वास घ्यायला येणार होत्या. पण नुसता भरवसा ठेवून गप्प बसेल तो श्रीरंग कसला? वास चुकून आलाच तर दडपायला त्याने तव्यावर हिरव्या मिरच्या आणि लसूण टाकला. नीलांबरीला ठसका लागू नये म्हणून शेगडीवरचा एक्झॉस्ट फुल केला. स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश होऊन तो ठेचा रगडू लागला.

मागच्या खोलीत लॅपटॉपवर काम करणारी नीलांबरी खोकायला लागली. मिरचीच असणार, असं म्हणून त्याने तवा सिंकमध्ये ठेवला, पंखा मात्र चालूच. खोकला वाढत गेला. तो धावत गेला तेव्हा तिचे खांदे वरखाली होत होते. इन्हेलर तोंडाशी होता, आणि वाक्य तुकड्यातुकड्यांत येत होतं.

"मिरची नाही... श्री... रंग आहे."

नेमक्या त्याच वेळी आलेल्या सुलभाताईंनी एकही टोमणा न मारता तिला धरून आपल्या घरी नेलं. दुसऱ्या पफनंतर हळूहळू तिची धाप कमी झाली.

मग सुलभाताई त्याला घेऊन त्याच्या घरी आल्या. देवघरातली एक उदबत्ती पेटवून त्यांनी ती बंद सरकत्या दाराच्या तळाशी धरली. धूर वर गेलाच नाही. कुणी आतून दोरी ओढावी तसा आडवा होऊन तो स्वयंपाकघराकडे निघाला. श्रीरंगने एक्झॉस्ट बंद केला. धूर सरळ उभा राहिला. चालू केला, पुन्हा आडवा. शाळकरी पोरासारखं त्याने ते परत परत करून पाहिलं.

"पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो ना," सुलभाताई म्हणाल्या, "तेवढी घर कुठून तरी आत ओढणारच. तू खिडक्या लावल्यास, मग त्याने फटीतून ओढली. आणि फटीच्या पलीकडे तुझा ओला ऑइल पेंट."

श्रीरंग खाली बसला. ज्या फटीत कागदही सरकला नसता, तिच्यातून अख्खं घर श्वास घेत होतं. इतकी वर्षं तो या घरात राहिला, दिवाळ्या केल्या, पण ते जिवंत आहे हे त्याला आज कळत होतं. ज्याला तो डबा समजला, तो एक छातीचा पिंजरा होता, आणि आपण हौसेने त्याच्या नाकाशी विष धरलं. जन्मात पहिल्यांदा त्याला चेष्टा सुचेना.

त्याने पेंटरला थांबवलं. उरलेल्या चौकटींना पाण्याचाच रंग ठरला. वास गेला म्हणजे वाफा गेल्या असं नाही, हे सुलभाताईंनी बजावलं होतं, त्यामुळे नीलांबरी सगळं पुरतं सुकेपर्यंत त्यांच्याकडेच राहिली.

पुढच्या रविवारी गल्ली खुर्च्या मांडून बसली. श्रीरंग धोतर खोचून लंगडी घालत निघाला. पोरं "अंकल, फास्टर!" म्हणत मागे. वळणावर त्याचा पाय टेकला. कुणी पाहिलं नसेल या आशेने तो पुढे निघाला.

"पाय टेकला!" नीलांबरी खुर्चीतून ओरडली, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी, एका दमात. "पहिल्यापासून घाल!"

तिचा आवाज कुठेही तुटला नव्हता. श्रीरंग मान डोलावत मागे फिरला आणि पहिल्या मेलबॉक्सपासून नव्याने उड्या मारू लागला.