पितरांचा आंबा

दिंद्रुडच्या बाजारपट्टीत त्या सोमवारी पाय ठेवायला जागा नव्हती. आडतीच्या पत्र्याच्या शेडमध्ये माणसं दाटीवाटीनं बसली होती, उरलेली पोत्यांच्या थप्पीवर चढली होती आणि सगळ्यांच्या नजरा एका रंगीत टीव्हीवर खिळल्या होत्या. टीव्हीवर ना सिनेमा होता, ना क्रिकेट. एक माकड होतं. झाडावरून आंबे पडत होते आणि ते माकड टोपली घेऊन इकडून तिकडं पळत ते झेलत होतं.

"झेलला!" शेड गरजली. "आनखी एक झेलला!"

टीव्हीला झेंडूचा हार घातला होता. समोर उदबत्त्या, नारळांची रास आणि गादीवर दृष्टीनाथ महाराज. त्यांच्या पुढ्यात माझी पुतणी ईश्वरी बसली होती, आठ वर्षांची. तिच्या हातात वायर लावलेला, गुंड्यांचा एक काळा डबा होता. सगळे त्याला रिमोट म्हणत. घरी ह्या पोरीला पाण्याचा पेला धरायला दोन्ही हात आणि माझी मदत लागायची, आणि इथं तिचं माकड आंब्यांमागून आंबे झेलत होतं. माझ्या थोरल्या जाऊबाई, सत्यभामा, पदर तोंडाला लावून रडत होत्या.

मी खांबाला टेकून उभी होते, माझ्या सात वर्षांच्या बसूचा हात घट्ट धरून. सरळ सांगते, मला आनंद झाला नाही. मला जळजळलं. त्यांचीच पोर का? माझा बसू का नाही?

आमच्या एकाच घरात अशी दोन लेकरं. औरंगाबादच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना तपासून 'स्वमग्न' हा शब्द सांगितला, तेव्हा तो आमच्या घरात कुणी ऐकलेलाही नव्हता. बाई म्हणाल्या होत्या, "ही मुलं शिकतात. पण नुसतं दुसऱ्याचं बघून शिकणं त्यांना अवघड जातं. ती स्वतःच्या हातांनी करून करून शिकतात. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करू द्या आणि तुम्ही कंटाळू नका." मी शाळामास्तरीण, कंटाळणं मला परवडत नाही. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचा चेंडू केला आणि रोज संध्याकाळी शाळेतून आले की अंगणात दोघांना समोर बसवून अगदी जवळून टाकू लागले. सुटला की म्हणायचे, "पडला. पुन्हा." वर्ष गेलं त्यात. बसू हात जुळवायला शिकला, पण चेंडू निघून गेल्यावर. ईश्वरीचे हात मात्र चेंडूला शिवू लागले होते. ती माझ्या लेकाच्या पुढं आहे हे मला तेव्हाही सलायचं. आता तर महाराजांनी एका बैठकीत तिला कुठल्या कुठं नेऊन ठेवलं होतं.

"माई," महाराज जाऊबाईंना सांगत होते, "हिचे हात हितं हायेत, पर जीव पडद्याच्या पल्याड आडकलाय. आपन त्येला पडद्यातूनच भाईर काढायचा. आज पडद्यावर झेललं, उद्या देहात उतरंल. अमेरिकेतले शास्त्रज्ञ बी आता हेच म्हनायलेत, पर त्येंच्याकडं मंत्र न्हाई ना!"

तेवढ्यात पडद्यावरच्या विहिरीशेजारचा एक आंबा माकडाच्या हातून सुटला. शेडमध्ये "अरारारा" झालं. महाराजांनी शांतपणे हात वर केला.

"त्यो पितरांचा! आखितीला आपन आधी पितरांना आंबा दावतो का न्हाई? मंग? ज्येचा त्येला गेला."

आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, नुकतीच झाली होती. घरोघरी पितरांना पहिला आंबा दाखवून मगच लेकरांच्या तोंडी लागला होता. साऱ्या शेडनं हात जोडले. ह्यावर कोण काय बोलणार?

जाता जाता महाराजांनी अट घातली. "पडद्यातली शक्ती हातात उतरायलीय. तवर हिच्या हाती चेंडू, पेला, कायबी द्यायचं न्हाई. हातानं काय करू द्यायचं न्हाई. दर सोमवारी दर्शनाला आनायचं."

घरी ईश्वरीची देवी झाली. गल्लीतल्या बाया येऊन तिच्या हातांचे मुके घ्यायच्या, आणि बसूकडं बघून जिभेनं चुकचुक करायच्या. "ह्येचं बी हुईल हं एक दिवस." माझ्या सासूबाई, मल्लम्मा, तिच्यासाठी शिरा करायच्या आणि जाऊबाई तो तिला आपल्या हातानं भरवायच्या. पेलाही स्वतःच तिच्या तोंडाला लावायच्या. मी अंगणात चेंडू घेऊन बसले की ईश्वरी वेळेवर यायची, माझ्यासमोर बसायची आणि दोन्ही तळवे पुढं करायची. जाऊबाई धावत येऊन तिला उचलून न्यायच्या. थोड्याच दिवसांत मी तिच्यापुढं चोरून पेला धरला, तर तिनं हात मांडीवरून उचललेच नाहीत. नुसतं तोंड पुढं केलं. वर्षाची कमाई अशी गेली.

आणि मग सासूबाईंनी मला बोलावून सांगितलं, "वनिता, ह्या अमुशाच्या सोमवारी बसूची पाळी लावलीय. आन् त्यो चिंध्याचा चेंडू चुलीत घाल."

"कावून आत्याबाई?"

"कावून म्हंजे? थोरलीचं लेकरू देवानं हाती धरलं. तुझं लेकरू कोरडंच ठिवायचंय का?"

त्यानंतरच्या दोन सोमवारी मी जाऊबाईंबरोबर शेडमध्ये गेले. त्यांना वाटलं, वनिताला भक्ती लागली. खरं सांगायचं तर मला त्या माकडात खोट काढायची होती. जळणारी बाई फार बारीक बघते. एकामागून एक लेकरं बसायची. कुणाला फिट यायची, कुणाची मान लटकायची, कुणी जन्मात बोललेलं नव्हतं. महाराज डोळे मिटून लांबलचक मंत्र म्हणायचे, त्यांचा चेला बंकट टीव्हीमागं खटखट करायचा, मंत्र संपता संपता आंबे पडू लागायचे आणि माकड झेलू लागायचं. रिमोटच्या मधल्या गुंडीवर कुंकवाचा जाड लेप होता. तिथं बोट लावायची बंदी, ते म्हणे देवाचं ठाणं.

बरोबर नेलेल्या बसूला शेड भलतीच आवडली. तेच तेच पुन्हा पुन्हा घडणं त्याला आवडतंच. तो पडद्यासमोर डोलत बसला. तो मोजके शब्द बोलतो. अचानक म्हणाला, "पडला."

काही पडलं नव्हतं. मी पडद्याकडं पाहिलं आणि तेवढ्यात विहिरीशेजारचा आंबा पडला. पुढचं लेकरू बसलं. पुन्हा माकड, पुन्हा आंबे, आणि बसू पुन्हा आधीच म्हणाला, "पडला." आंबा मागून पडला. माझ्या अंगावर काटा आला, पण तो भक्तीचा नव्हता.

घरी आल्यावर नवऱ्याला म्हटलं, "अहो, प्रत्येक लेकराचा आंबा एकाच जागी कसा पडतो?"

केदारनाथ दुकानाच्या किल्ल्या खुंटीला लावत होते. "पितरांचा हाय त्यो."

"साऱ्या गावाचे पितर त्या एकाच विहिरीपाशी बसलेत का?"

ते उरलेल्या किल्ल्या खुंटीला लावत राहिले. आईच्या विरुद्ध ते कधी बोलत नाहीत. पण चेंडू चुलीत घाल असंही ते मला म्हणाले नाहीत.

अमावस्येच्या सोमवारी बसू गादीसमोर बसला. महाराजांनी त्याच्या हातात रिमोट कोंबला आणि मंत्र सुरू केला. मी त्याच्या मागं, माझ्या शेजारी सासूबाई, ईश्वरीला मांडीवर घेतलेल्या जाऊबाई. आंबे पडू लागले. बसूला हातात काही कोंबलेलं खपत नाही. त्यानं रिमोट खाली टाकून दिला आणि कानावर हात ठेवून डोलू लागला.

माकड झेलतच होतं.

मला वाटलं, संपलं ह्यांचं. पण महाराज तयारीचे. ते ताडकन उभे राहिले.

"बघा! हात न लावता! ह्ये लेकरू तर सिद्ध हाय! येकदम वरच्या पायरीवर!"

"जय हो!" शेड कोसळायची बाकी राहिली. सासूबाईंनी माझा दंड धरला, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि खोटं कशाला बोलू, एक पळभर मलाही सुख झालं. माझा बसू ईश्वरीच्या वर! जाऊबाईंचं तोंड उतरलेलं मला दिसलं. गप्प बसले असते तर त्याच दिवशी मी सिद्धाची आई झाले असते.

तेवढ्यात बसू म्हणाला, "पडला." आणि विहिरीशेजारी आंबा पडला. 'पडला' म्हटलं की माझ्या तोंडी पुढं 'पुन्हा' येतंच.

"पुन्हा," मी म्हणाले.

बंकटनं सवयीनं पुढच्या लेकरासाठी टीव्हीमागं खटखट केलीच होती. मी रिमोट उचलला, गादीसमोर राशीतला एक नारळ मांडला, रिमोट त्या नारळावर ठेवला आणि मागं सरले.

"बाई! अपवित्र करायलीस तू!" महाराज ओरडले.

थप्पीवरून म्हातारे सर्जेराव म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की महाराज. नारळाचं बी कल्यान हुंद्या."

लोक हसले आणि मग सगळे पडद्याकडं बघू लागले. मंत्र नाही, अंगारा नाही. जरा वेळ पडदा तसाच राहिला आणि आंबे पडू लागले. नारळानं पहिला झेलला. दुसराही झेलला. नारळ अगदी कुशल निघाला. बसू म्हणाला, "पडला," आणि विहिरीशेजारचा आंबा जमिनीवर पडला.

"काय बे महाराज," सर्जेरावांनी विचारलं, "नारळाला बी पितरं असतेत का?"

शेडभर हशा पिकला. एकट्या जाऊबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, रिमोट उचलला आणि ईश्वरीच्या हातात दिला. "त्ये नारळाचं मला म्हाईत न्हाई. माझी पोर झेलती. मी डोळ्यानं बघितलंय."

मी पदरानं मधल्या गुंडीवरचा लेप पुसला आणि गुंडी दाबली. पडदा लुकलुकला. आता कुणीतरी खरोखर खेळावं म्हणून माकड टोपली घेऊन उभं राहिलं. आंबे पडू लागले. माकड हललं नाही. एक पडला, आणखी एक पडला, माकडाभोवती आंब्यांचा सडा झाला. ईश्वरी पडद्याकडं बघतही नव्हती. ती आईच्या बांगडीवरची चकाकी बघत होती. जाऊबाईंनी तिचे अंगठे धरून गुंड्या दाबल्या, माकड भलतीकडंच गेलं.

"बंद कर," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "माझ्या लेकीचं चांगलं झालेलं तुला बघवलं न्हाई, वनिता."

सारं गाव ऐकत होतं.

"न्हाई बघवलं, जाऊबाई," मी म्हणाले. "म्हणूनच नीट बघितलं."

बंकटला लोकांनी घेरलं तेव्हा त्यानं सगळं ओकून टाकलं. "मांजरसुंब्याकडच्या जत्रांत आमी ह्यो खेळ मांडायचो. मशीन चालू करून ती मधली गुंडी कुनी दाबली न्हाई, की माकड आपलं आपन खेळतंय, दर टायमाला तस्संच. लेकरांना भुलवायला केलंय त्ये कंपनीनं. मंग महाराज म्हनले, लेकरांपेक्षा त्येंचे मायबाप जल्दी भुलतेत." महाराज तोवर मागच्या बाजूनं टेम्पोत चढले होते. टीव्ही घ्यायलाही थांबले नाहीत.

तर मंडळी, चमत्कार तो एवढाच. यंत्र आपलं आपण चालत होतं आणि आपण त्याच्यापुढं लेकरू बसवत होतो. उद्या दुसरा कुणी येईल, नव्या यंत्रासह, नव्या मंत्रासह. त्याला दोनच गोष्टी विचारा. लेकराच्या जागी नारळ ठेवला तर काय होईल? आणि तुमची ती झाकलेली गुंडी दाबली तर काय होईल? पडद्यावरचा खेळ खरा खेळला तरी तो पडद्यावरच येतो. अंगणातला चेंडू झेलायला अंगणातच बसावं लागतं. हात जे करतो तेच शिकतो, आणि जो हात काही करत नाही तो येत होतं तेही विसरतो. हे आमच्या घरानं डोळ्यांनी पाहिलं.

जाऊबाई कितीतरी दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण संध्याकाळी ईश्वरी अंगणात आली, तर तिला उचलायलाही कुणी आलं नाही. ती समोर बसली आणि तळवे पुढं केले. सगळं पहिल्यापासून. आधी चेंडू तिच्या हातावर नुसता ठेवायचा. मग बोटभर वरून सोडायचा. मग थोडा लांबून. पडला. पुन्हा. पडला. पुन्हा.

दिवाळीच्या आसपास एका संध्याकाळी मी चेंडू टाकला आणि 'पडला' म्हणायला तोंड उघडलं, पण चेंडू पडल्याचा आवाज आलाच नाही. दारात जाऊबाई भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या तोंडून हुंदका फुटला.

आणि माझ्या पोटात तीच जुनी आग भडकली. बसूच्या आधी! माझ्या अंगणात, माझ्या चेंडूनं, माझ्या बसूच्या आधी! मला रडू आलं, ते कशाचं होतं ते मलाही नीट सांगता येणार नाही. मग मी डोळे पुसले आणि नीट बघितलं. वायर नव्हती, पडदा नव्हता, गुंडी झाकलेली नव्हती. चेंडू ईश्वरीच्या हातात होता.

"पुन्हा," बसू म्हणाला आणि त्यानं तळवे पुढं केले.