वाऱ्याच्या पिशवीला बांधलेला नारळ

मित्रांनो, मी एक जुनी कापडी पिशवी आहे. नाक मुरडू नका, भाजी आणायची नव्हे! रत्नागिरीच्या विमानतळावर उंच खांबाला टांगलेली, दोन्हीकडून उघडी, पांढऱ्या-केशरी पट्ट्यांची. वारा पोटात शिरला की मी आडवी होते आणि तो कुठे चाललाय ते वैमानिकाला वरून कळतं. वारा नसला की लोंबते. माझं चुकलं तर विमानाचं चुकतं, म्हणून मी जन्माची भित्री.

ऐंशी सालानंतर इकडे छोटी विमानं येऊ लागली, तेव्हा मला शिवलं. नवी होते तोवर लोक माना वर करून बघायचे. पुढे खाऱ्या हवेने टोकाकडची शिवण विरली. पहारेकरी महिपत रोज म्हणायचा, "उद्या शिवतो हां." त्याचा उद्या काही उजाडत नव्हता.

कोल्हापूरहून यायला एस.टी.ला आंबा घाटातून अर्धा दिवस लागे. विमान डोंगरावरून सरळ अर्ध्या तासाच्या आत इथे. एका वर्षी पावस गावचा गंगाराम आंबे काढताना झाडावरून पडला. कोल्हापुरात त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. घाटातले धक्के त्याला सोसणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून बागेच्या मालकांनी त्याला विमानाने आणायचं ठरवलं.

विमान यायच्या दिवशी सकाळीच त्याची बायको सोनूबाई जाऊ कमळाला घेऊन आली. महिपत धावपट्टीवरची गुरं हाकायला गेला होता. सोनूबाईला वाटलं, मी इथल्या देवाचं निशाण! तिने हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, माज्या घोवाला सुखरूप उतरव. ह्यो नारल मान्य करून घे."

"व्हय म्हाराजा!" कमळा म्हणाली.

मग दोरीने मला खाली घेऊन सोनूबाईने माझ्या टोकाला नारळ बांधला आणि पुन्हा वर चढवलं.

डोंगराकडून समुद्राकडे सकाळचा मतलई वारा सुसाट सुटला होता, आणि मी नारळाच्या भाराने लोंबत होते! वैमानिकाला वाटणार, वारा पडलाय. पाठीवर असा वारा घेऊन उतरलेलं विमान लवकर थांबत नाही. पुढे सड्याची, म्हणजे कातळाच्या पठाराची कडा, खाली समुद्र. माझी बोबडी वळली. पण मला बोलता कुठे येतं?

घरघर ऐकू आली. महिपत धावत आला. "अगो बाय, ह्या देवाचा निशाण न्हाय! नारल सोड, न्हायतर इमान कड्यावरून जाईल!"

सोनूबाई पांढरीफटक पडली. तिने दोरी ओढली, तर ती कप्पीत अडकली. विमान खाली येत होतं. "देवा, मीच घोवाला मारतंय काय रे!" ती दोरीला लोंबकळून रडू लागली.

तेवढ्यात एक जोराचा झोत आला. माझी जुनी शिवण टर्रकन उसवली. नारळ कातळावर आपटून फुटला आणि मी, अर्धी फाटकी, आडवी झाले. टेकता टेकता विमान वर उठलं, समुद्रावरून वळलं आणि वाऱ्याला तोंड देत उतरलं.

गंगारामला स्ट्रेचरवरून खाली घेतलं. सोनूबाईने खोबऱ्याचा तुकडा त्याच्या तोंडात घातला. "देवान नारल फोडून घेतलान," ती म्हणाली. महिपतने अडकलेली दोरी सोडवली. त्याने मला उतरवलं आणि सुई-दोरा काढला. त्याचा उद्या त्या दिवशी उजाडला.

मित्रांनो, फाटकी शिवण एकदा कामी आली म्हणून काही फाटकं ठेवू नका. नशीब रोज राखणीला बसत नाही. आणि कुणासाठी जीव घाबरला तर देवाला जरूर सांगा, पण हात लावण्याआधी जवळच्या माणसालाही विचारा. अजूनही वारा पडून मी लोंबू लागले की मी खाली महिपतला शोधते. महिपत मान वर करतो, माझं टोक रिकामं आहे ना ते बघतो. तो बघेपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो.