लागली की लगेच जाता येतं का?

कंपन्यांच्या बसगाड्यांतून वाट काढत डॉक्टर शर्मिला हिंजवडीत पोचली, तेव्हा सर्जेरावांच्या बंगल्यात नुकताच चहा होत होता. गरोदर बायकांच्या पोटाच्या तक्रारींवर तिच्या रुग्णालयात अभ्यास चालू होता. प्रश्नावली मूळची इंग्रजी. ‘शौचाची वारंवारिता’ असलं मराठी ऐकून बायका नुसत्या गालात हसत. म्हणून शर्मिलाने त्यांच्याशीच बोलून ती घरच्या भाषेत उतरवली होती, आणि आता घरोघर जाऊन विचारत होती.

सातव्या महिन्यातली सून सृष्टी दिवाणखान्यात खाली बसली. सासू कुसुमबाई तिला अगदी खेटून. सोफ्यावर पाय पसरून सर्जेराव टीव्ही बघत होते. जमीन विकल्यापासून त्यांचा दिवस तिथेच जाई.

“घशाशी आंबट येतं का?”

“न्हाई येत,” कुसुमबाईच बोलल्या.

“भूक लागते?”

“लागती की. पर हीच खात न्हाई.”

“पोट साफ होतं?”

“समदं झ्याक हाय, म्याडम!” सर्जेरावांनी सोफ्याशेजारच्या दाराकडे बोट केलं. “संगमरवरी संडास बांधलाय. आनि काय पायजे?”

सृष्टीचे ओठ सुकले होते. पुढचा प्रश्न शर्मिलाने तिच्याकडेच बघून विचारला, “लागली की लगेच जाता येतं का?”

सृष्टीचे डोळे भरून आले.

“संडास त्यो येकच. सासरा म्होरं बसल्यावर सून त्या दारातनं कशी जाईल?” कुसुमबाई म्हणाल्या. “आमच्यात रीत न्हाई. मानसं भाईर गेली, की जायचं.”

“आणि नाही गेली तर?”

“कळ काढायची. बाईची जात हाय.”

म्हणजे ही पोरगी याच भीतीने पाणी पीत नव्हती, अर्ध्या भाकरीवर उठत होती! शर्मिलाला शिसारी आली. घरभर चकचकीत फरशी, भिंतभर टीव्ही. आणि पोटुशा बाईने आतडी आवळून बसायचं, का तर एका धडधाकट पुरुषाला सोफ्यावरून हलायला नको.

“संडासला बसलं की रक्त पडतं, मॅडम,” सृष्टी कशीबशी बोलली. “आईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, हे कुणाला सांगायचं नसतं.”

“सृष्टे! लाज हाय का न्हाई?” सर्जेराव ओरडले.

“तिला आहे, म्हणूनच ती आजारी आहे,” शर्मिला म्हणाली. “आपलं काय ते आपण बघा.”

सृष्टीने जमिनीवर हात टेकला. कुसुमबाईंनी तिचा पदर धरला. तिने तो सोडवून घेतला, जड अंगाने उठली आणि सासऱ्याच्या पुढ्यातून चालत गेली. आतून कडी लागली.

कुसुमबाईंचा हात तसाच अधांतरी राहिला. बंद दाराकडे बघत त्या पुटपुटल्या, “मला बी पडतं, म्याडम. लई वरसं झाली.”

अभ्यास फक्त गरोदर बायकांचा होता. शर्मिलाने पेन खाली ठेवलं.

“सर्जेराव, आपण जरा बाहेर बसा. मला यांच्याशी बोलायचंय.”

सर्जेराव हलेनात. शर्मिला त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि ते उठेपर्यंत तिथून हललीच नाही.