माफीचा दात

उनाईसीने तोंड उघडलं, बोट बंद झाली, आणि गावाने तिच्याशी बोलणंच टाकलं. म्हणजे बघा न्याय! बोटीचं दार गळकं ठेवणारे तिकडे राजधानीत, सुवाच्या हपिसात पंख्याखाली बसलेले, आणि शिव्या हिला. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय.

‘सेनिकाऊ’ ही त्यांच्या बेटावर येणारी एकुलती एक बोट. उनाईसी तिच्यावर दुय्यम कप्तान होती. गाड्या चढवायला मागच्या बाजूला जे मोठं लोखंडी दार असतं, त्याच्या कडेचं रबर कुजून गेलं होतं. जरा लाट उसळली की पाणी आत. तिने कप्तानाला सांगितलं, त्याने खांदे उडवले. कंपनीला सांगितलं, तिथून उत्तर आलं की पुढच्या दुरुस्तीला बघू. पुढची दुरुस्ती कधी, ते देव जाणे. मग शाळांना सुटी लागली. वसतिगृहातली बेटावरची सगळी पोरं घरी यायला त्याच बोटीत चढली, आणि भर समुद्रात गाड्यांच्या डेकवर घोट्याच्या वर पाणी आलं. वर पोरं गाणी म्हणत होती आणि खाली उनाईसी दोन खलाशांना घेऊन गाद्या, ताडपत्र्या, मिळेल ते त्या फटीत कोंबत होती. बोट पोचली. पोचली, म्हणून काही झालंच नाही असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी ती रेडिओवर बोलली. स्वतःचं नाव सांगून बोलली. कंपनीने तिला कामावरून काढलं. सरकारने बोट धक्क्याला बांधून चौकशी लावली. तिच्या बरोबरीने गाद्या कोंबणाऱ्या दोघा खलाशांनी, आम्ही काही पाहिलं नाही बुवा, म्हणून कानांवर हात ठेवले. राहिली एकटी उनाईसी. सोमवारी बेटावरच्या सरकारी कचेरीत चौकशीपुढे तिने जबानी दिली तर बोट दुरुस्तीला जाणार. नाही दिली, तर शाळा उघडताना तीच बोट, तेच दार आणि तीच पोरं.

पण गावाला काय दिसत होतं? बोट नाही, म्हणून दुकानात पीठ नाही, साखर नाही, रॉकेल नाही. वाळवलेलं खोबरं गोदामात कुजतंय. माकेरेता तिची लहानपणची मैत्रीण, आणि तिची दोन पोरं त्याच बोटीतून आलेली. तीच चर्चमध्ये हिला बघून उठून दुसरीकडे जाऊन बसली. वर नळावर सगळ्यांदेखत म्हणाली, “तुला नाव कमवायचं होतं, कमावलंस. आता आम्ही चहात मीठ घालायचं का?” उनाईसीने बादली भरली, घरी आली आणि रडली. दुःखाने नाही हो, संतापाने.

शुक्रवारी कंपनीचा मॅनेजर इलियासा छोट्या लाँचमधून गावात उतरला. कमरेला लुंगीसारखा गुंडाळलेला कडक इस्त्रीचा सुलू, आणि हातात विणलेल्या दोरीत ओवलेला देवमाशाचा दात. तो बघताच म्हाताऱ्यांच्या माना आपोआप खाली झुकल्या. त्या दाताचा मान मोठा. तो पुढे ठेवून कोणी माफी मागितली तर त्याला परत पाठवत नाहीत, आणि एकदा दात घेतला की भांडण पुरलं. त्या घरातून पुन्हा त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. इलियासाला हे पक्कं ठाऊक. बापजाद्यांनी तुटलेली मनं जोडायला ठेवलेली वस्तू, आणि हा बाबा ती एका बाईच्या तोंडाला कुलूप म्हणून घेऊन आला होता. लाज कशी वाटली नाही!

उनाईसीला वडील नव्हते. तिला वाढवलं ते मोठ्या काकांनी, आपिसाईंनी, आणि घरातला शब्दही त्यांचाच. माफीच्या सभेला जायच्या आधी तिने त्यांना गाठलं. दात घेऊ नका म्हणून विनवलं. काका म्हणाले, दात परत करणारा माणूस आपल्या घराण्यात झालेला नाही.

सभेच्या घरात चटयांवर सगळं गाव बसलं. उनाईसी मागे, बायकांत. इलियासा गुडघ्यांवर पुढे सरकला आणि दोन्ही हातांत दात धरून गोड आवाजात सुरू झाला. गैरसमज झाला, मुलीचं मन दुखावलं, कंपनी तिला मानाने परत घेईल, शेवटी आपण सगळी एकाच देवाची लेकरं. बोटीच्या दाराचं नाव नाही.

काकांनी हात पुढे केला नाही.

“गैरसमजाला दात लागत नाही,” ते म्हणाले. “चूक काय केलीत ते सांग. कशाची माफी देतोय, ते मला कळायला नको?”

“तिला कामावरून काढायला नको होतं, आजोबा.”

“का नको होतं? ती खोटं बोलली होती ना?”

आता आली का पंचाईत! खोटं म्हणावं, तर माफी कसली मागतोस? खरं म्हणावं, तर सगळं गाव ऐकतंय. आणि पुढे केलेला दात तसाच घेऊन उठायचं म्हणजे जन्माची नाचक्की.

“खरं बोलली होती,” इलियासा चटईकडे बघत म्हणाला. “दाराचं रबर गेलं होतं. आम्हाला आधीपासून माहीत होतं.”

काकांनी दात घेतला. रीतीप्रमाणे टाळ्या झाल्या. आमच्या घराने राग सोडला, आता आमच्या घरातून याबद्दल शब्द निघणार नाही, असं काकांनी सांगितलं. इलियासाच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

उनाईसी उठून उभी राहिली.

“निघणार,” ती म्हणाली. “काका, राग मी सोडला. पण सोमवारी मी जाणार. तुमचा शब्द मोडतेय, मला घरातून काढा.”

काकांनी डोळे मिटून घेतले. म्हाताऱ्यांत कुजबुज सुरू झाली. असं कधी झालं नव्हतं. इलियासा तर आता मोठ्या मायेने समजावू लागला, की पोरी, पुरलं ते पुरलं, पूर्वजांचा अपमान करू नये.

तेवढ्यात माकेरेता उठली. उनाईसीला वाटलं, आता हिचेही दोन शब्द ऐकायचे.

“हिच्या घराने तुला माफ केलं,” माकेरेता इलियासाला म्हणाली. “माझी दोन पोरं होती त्या बोटीत. माझ्या घरी कुठे आलास तू दात घेऊन? सोमवारी हिच्याबरोबर मी जाणार, आणि तू आत्ता काय बोललास ते सांगणार.”

तिच्या शेजारची बाई उठली. तिचा मुलगा होता बोटीत. मग पुरुषांतून एक बाप उठला, त्याच्यामागून आणखी एक. इलियासा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याने एकच दात आणला होता.