टाकी न्हाणीवरच

आमच्या दूध संस्थेनं घाटनांदूरच्या बाहेर सभासदांसाठी घरं बांधायला घेतली, तेव्हा माझ्या बायकोनं, केसरबाईनं, मोकळ्या प्लॉटवर चुलीतल्या राखेनं आमचं घर आखलं होतं. मागं स्वयंपाकघर, त्याला लागून न्हाणी, मधे एकच भिंत. संस्था प्रत्येक घरावर उन्हानं पाणी तापवायची टाकी देणार होती.

"टाकी न्हाणीच्या डोक्यावर बसवा," ती म्हणाली. "नळ उघडला की ऊन पाणी बादलीत. मला आता फुंकणी नगं."

धुरानं तिची छाती गेली होती. घराचा स्लॅब टाकून झाला आणि पौषात ती गेली.

तिच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी बायांनी दारासमोर तापवलं. आमच्याकडं जित्या माणसासाठी आधी गरम पाणी काढतात, मग त्यात इसण घालतात, म्हणजे थंड पाणी. मेलेल्याला उलटं. आधी थंड, वरून गरम. मी तिथंच उभा होतो, सगळं बघितलं.

पुढच्या थंडीत घरं पुरी झाली. पाऊस त्या सालीही नव्हता. टँकरचं पाणी माणशी एक बादली अंघोळीला पुरवायचं. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी फिटर सटवा टाकी घेऊन आला आणि त्यानं शिडी रस्त्याच्या बाजूनं लावली.

"मागच्या बाजूनं लाव," मी म्हणालो. "न्हाणी मागं हाय."

तेवढ्यात आमचे चेअरमन सुंदरराव आले. "समद्या टाक्या रस्त्याकडून एका रांगेत, राधाकिशनराव. दुपारी पाहुणे यायलेत. फोटो हाय."

"आन् न्हाणीपर्यंत पाइप?"

"जाईल की घराला वळसा घालून."

"मग पाइपातलं गार पाणी आधी येणार. अर्धी बादली."

"द्या सोडून."

ज्या संस्थेच्या निम्म्या सभासदांनी पाण्यावाचून म्हशी विकल्या, तिचा चेअरमन पाणी सोडून द्या म्हणतो. माझं डोकं तिथंच फिरलं. माझा चेहरा बघून ते म्हणाले, "बरं, नका सोडू. गार ऱ्हाऊ द्या बादलीत, वरून गरम घ्या."

सटवानं मान खाली घातली. चेअरमनच्या ध्यानातही आलं नाही आपण काय बोललो ते.

"दोन बादल्या ठेवा, काका," सटवा हळूच म्हणाला.

"ठेवल्या तरी निम्मं पाणी गारच. आन् तेवढंच तापलेलं पाणी पाइपात निवत बसणार. मग तापवायचं कशाला?"

"वहिनी गेल्या," चेअरमन म्हणाले. "आता एकट्या माणसाला मागचं-पुढचं कावून पायजे?"

"ती गेली म्हणून तिचं म्हणणं बी गेलं काय?"

चेअरमननी नुसता सटवाला हात केला, चढ म्हणून. घराला जिना झाला नव्हता. सटवाच्या आधी मीच शिडीवरून स्लॅबवर गेलो आणि शिडी वर ओढून घेतली.

"खाली या. लोक बघायलेत."

"बघू द्या. टाकी न्हाणीवर बसणार असंल तर शिडी सोडतो. न्हाईतर टाकी परत न्या. मी बंब पेटवीन."

"ह्या वयात माकडावानी चढून बसलात."

"उतरवा मग."

उन्हं चढली. शेजारीपाजारी जमले. सटवानं खालून विचारलं, "काका, चहा तरी?"

"दोरी सोडतो. किटली बांध."

लोक हसले, सटवा हसला. चेअरमन हसले नाहीत. त्यांनी घड्याळ बघितलं, रस्त्याकडं बघितलं.

"बसव बे मागं," ते सटवाला म्हणाले. "आन् ह्याच्या घराचा फोटो काढायचा न्हाई."

मी शिडी सोडली, पण मागच्या बाजूनं.

संस्थेच्या हापिसात तो फोटो लावलाय. रांगेतल्या सगळ्या घरांवर टाक्या चमकतात. शेवटचं घर कापलंय, ते माझं. दूध घालायला जातो तेव्हा कुणीतरी टोमणा मारतंच. मारू द्या.

दुसऱ्या दिवशी मी नळ उघडला. आधी तांब्याभर गार पाणी आलं, ते बाजूला ठेवलं. मग बादलीतून वाफ यायला लागली. ती भरत आली तेव्हा तांब्यातलं इसण वरून घातलं.

"पाणी काढलंय," मी स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणालो. मग माझं मीच अंगावर घेतलं.